दोन आडवे पत्ते

खून दुपारी तीनला व्हायचा होता, पण आत्यांची वामकुक्षी लांबली आणि सगळंच साडेतीनवर गेलं. तोवर धाकटीने जेवणाचं टेबल चारदा पुसून घेतलं होतं. पाचव्यांदा फडकं उचललं तेव्हा तिचा नवरा म्हणाला, "अगं, आता लाकूड झिजेल."

"तू गप्प बस. खुर्च्या आण."

धाकटा लिफ्टदुरुस्तीच्या कामातला माणूस. रोज दोरखंडाला लोंबकळणाऱ्या खोल्यांत उभं राहून काम करायची सवय असल्यामुळे त्याला जमिनीवरच्या कुठल्याच गोष्टीची भीती वाटत नसे. बायकोची मात्र वाटे. तो मुकाट्याने खुर्च्या आणायला गेला.

टेबलाचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली पुठ्ठ्याची घडी होती. या घरात कशाच्याही खाली पुठ्ठ्याची घडी निघायची. कपाटाखाली, शिलाई मशीनखाली, खडखडणाऱ्या खिडकीच्या फटीत. तात्यांनी, म्हणजे धाकटीच्या सासऱ्यांनी, पन्नास वर्षं पुठ्ठ्याची खोकी बनवली होती. औषधांची, बुटांची, साबणाची, घड्याळांची. चार महिन्यांपूर्वी शेवटचा कामगार, म्हणजे फोरमन, गुडघ्यांपायी घरी बसला आणि दोन गल्ल्या पलीकडच्या कारखान्याचं शटर खाली आलं ते आलंच.

आणि उद्या सकाळी दहाला भंगारवाला येणार होता. कटिंग मशीन उचलून नेणार होता. मशीन गेलं की ती जागा एका फर्निचरच्या दुकानाला गोदाम म्हणून जायची. गेल्या रविवारी याच टेबलावर हे ठरलं होतं, म्हणजे तात्या म्हणाले होते, "थोरला म्हणेल तसं," आणि थोरला म्हणाला होता, "काढून टाकू." विषय तिथेच संपायचा. पण धाकटी, जी शाळेच्या पुस्तकांत चित्रं काढायची नोकरी करते आणि घरात सहसा आवाज चढवत नाही, ती उभी राहून म्हणाली होती, "मला एक रविवार द्या. मी केलेला खेळ एकदा खेळून बघा. असे तीनशे डबे घ्यायला एक दुकानदार तयार आहे. आपल्याच मशीनवर निघतील."

कुणी हो म्हटलं नव्हतं. आत्या, म्हणजे तात्यांच्या बहीण, तेवढ्या म्हणाल्या होत्या, "खेळायला काय जातंय?"

तो रविवार आज होता. दोन वर्षं धाकटीने हा खेळ मांडला, मोडला, पुन्हा मांडला होता. बाहेर कुठे करून घ्यायचा तर पाचशे डब्यांच्या खाली कुणी हात लावत नाही आणि हजाराच्या खाली कुणी नीट बोलत नाही. घरचं मशीन गेलं की खेळ वहीतच राहणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

तिने पट उलगडला. डोंगरावरचं विश्रामगृह, पाच खोल्या, वर गच्ची, मधे जिना. विश्रामगृहाचा मालक सकाळी मेलेला सापडतो. संशयित सहा, जागा सात, हत्यारं सात. सगळे मिळून वीस पत्ते.

"त्यातला एक माणूस, एक जागा आणि एक हत्यार न बघता या पाकिटात जाणार," ती सांगू लागली. "उरलेले सतरा तुम्हा पाच जणांत वाटायचे. आपल्या पाळीला संशय घ्यायचा. डॉक्टरने, गच्चीवर, दोरीने, असा. शेजाऱ्याकडे त्यातलं काही असेल तर त्याने तो पत्ता तुम्हाला गुपचूप दाखवायचा. दाखवला की तो निर्दोष. असं करत करत पाकिटात काय आहे ते ओळखायचं."

"आणि माझ्याकडे असून मी नाही म्हटलं तर?" आत्यांनी विचारलं.

"तीच तर गंमत आहे. प्रत्येकाला सबंध खेळात एकदाच खोटं बोलता येतं."

"एकदाच?" धाकटा म्हणाला. "आपल्या घरात हे पुरायचं नाही."

सगळे हसले. थोरला नाही हसला. तो विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करतो. जळालेली दुकानं, बुडालेली गोदामं बघून बघून त्याच्या चेहऱ्यावर कायम एक अर्ज भरून घेतल्याचा भाव असतो. तो पत्त्यांकडे बघतही नव्हता. धाकटीला त्याचं कारण ठाऊक होतं, आणि ते कुणाला सांगणार नाही असा शब्द तिने दिला होता.

"आधी पत्ते इकडे दे बघू," तात्या म्हणाले.

तिने गठ्ठा त्यांच्या हातात दिला. तात्यांना हल्ली बारीक अक्षर दिसत नाही म्हणून तिने नावं मोठी लिहिली होती. पण ते नावं वाचतच नव्हते असं तिला वाटलं. एकेक पत्ता ते अंगठा आणि दोन बोटांत धरून जरासा वाकवत होते आणि खाली ठेवत होते. वाकवत होते, ठेवत होते. दोनदा थांबले.

"छान कापलेत," ते म्हणाले. "कुठून कापून आणलेस?"

"बाहेरून," धाकटी म्हणाली. आज घरातलं पहिलं खोटं तिचं झालं, आणि ती तर खेळतही नव्हती.

*

वहिनींना, म्हणजे थोरल्याच्या बायकोला, खेळ आवडायला लागला आणि त्याचाच त्यांना राग आला.

त्या शाळेत विज्ञान शिकवतात. कागद-पेन्सिल घेऊन त्यांनी तिसऱ्या मिनिटाला तक्ता आखला होता आणि सहाव्या मिनिटाला वकीलबाई, कात्री आणि कोठार यांच्यावर काट मारली होती. नवऱ्याच्या बाजूने मत द्यायचं हे त्या ठरवून आल्या होत्या. मशीन जाऊ दे, शटर जाऊ दे, तो सगळा इतिहास एकदाचा जाऊ दे. लग्न ठरल्यापासून त्या बघत होत्या, कारखान्याचं नाव निघालं की हा माणूस दोन बोटं लहान होतो. कुणी खिजवायची गरजच नव्हती.

"आत्या, तुमची पाळी."

"माझा संशय डॉक्टरवर. वाचनखोलीत. विषाने." आत्या चाळीस वर्षं नर्स होत्या, शेवटची बारा हेडनर्स. "पण धाकटे, तू इथे लिहिलंयस की मालक संध्याकाळी दूध प्यायला आणि पहाटे गेला. या विषाने माणूस इतका वेळ काढत नाही. अर्ध्या तासात आटोपतो."

"आत्या, खेळ आहे तो."

"खेळ असला म्हणून काय झालं? मेलेल्या माणसाची तरी काही अब्रू आहे की नाही?"

धाकट्याने आत्यांना पत्ता दाखवायचा होता. त्याने पत्ते छातीशी धरले आणि छताकडे बघत म्हणाला, "माझ्याकडे काहीच नाही."

"खोटं बोलतोय," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, काय हे! पुरावा?"

"खोटं बोलताना तू वर बघतोस. लहानपणीसुद्धा बघायचास म्हणे."

"कोण म्हणे?"

"मीच सांगितलंय," थोरला म्हणाला, आणि आज पहिल्यांदा जरा हसला. "फुलदाणी फुटली होती तेव्हा सबंध दिवस तू पंख्याशी बोलत होतास."

धाकट्याने हात जोडले. आत्यांनी त्याच्या दंडावर टपली मारली. वहिनींनी नवऱ्याकडे बघितलं. तो पुढे सरकून बसला होता, पेन्सिल दातांत धरून. घरच्या टेबलावर त्याला असा बसलेला त्यांनी कधी बघितला होता ते त्यांना आठवेना. मत बदलणार नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं, आणि तक्त्यातल्या माळीबुवांवर काट मारली.

*

खुनी कोण हे तात्यांना खेळ सुरू व्हायच्या आधीच कळलं होतं.

त्यात हुशारी काही नव्हती. पुठ्ठा ज्या बाजूने बनतो त्या बाजूने मुकाट्याने वाकतो आणि आडवा वाकवला तर अडतो. खोकीवाले त्याला ग्रेन म्हणतात. वीस पत्त्यांपैकी अठरा लवत होते आणि दोन अडत होते. एक स्वयंपाकीण आणि दुसरा जिना. वाटणीत जिना त्यांच्या स्वतःच्या हातात आला. मग पाकीट सरळ करण्याचं निमित्त करून त्यांनी ते उचललं, किंचित वाकवलं. अडलं. म्हणजे स्वयंपाकीण आत होती. डोळे मिटून सांगितलं असतं.

ते सांगत नव्हते, कारण त्यांच्या डोक्यात दुसराच शोध चालला होता. हा जाड पांढरा बोर्ड बाहेरचा नव्हता. त्याचा एकच ताव कारखान्यात उरला होता, मधल्या रॅकवर. त्या तावात असे अठराच पत्ते सरळ बसतात. उरलेले दोन बाजूच्या पट्टीतून आडवेच काढावे लागतात. हे ज्याला कळतं तो शिकलेला माणूस. कडा बघाव्यात तर कुठे धागा सुटलेला नाही, कुठे दातरा नाही. चार महिने बंद पडलेल्या पात्यावर असं कापायचं म्हणजे दाब हातानेच ओळखावा लागतो. फोरमनचे गुडघे गेलेले. आणि शटरची किल्ली थोरल्याकडे.

थोरला समोर बसला होता, पेन्सिल चावत.

तात्यांना ती जुनी ऑर्डर आठवली. एकवीस वर्षांपूर्वीची औषधाच्या खोक्यांची ऑर्डर, चार हजारांची. कारखान्यात रीत अशी की गठ्ठा मशीनवर चढायच्या आधी त्यावर पेन्सिलीने बाण काढायचा, ग्रेन कुठल्या बाजूने ते दाखवायला. बाण काढणार फक्त तात्या. मशीनवरच्या माणसाने बाणाप्रमाणे कापायचं, तपासत बसायचं नाही. त्या दिवशी मशीनवर थोरला होता, पंचवीस वर्षांचा. खोकी दुमडायला घेतली तर प्रत्येक घडीवर चिरत होती. चार हजार. तात्यांनी सहा कामगारांसमोर त्याला उभं केलं. तो म्हणाला, "मी बाणाप्रमाणेच कापलं." ते म्हणाले, "मग तू गठ्ठा फिरवून ठेवलास. तुझ्या हाताला काही कळत नाही. मशीनपासून लांब हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेला गठ्ठा त्यांनी बघितला. बाण त्यांनीच चुकीचा काढला होता.

तो गठ्ठा त्यांनी रद्दीत घातला. आज सांगू, उद्या सांगू असं करत पंधरा दिवस गेले आणि थोरल्याने विम्याची नोकरी धरली. मग सांगायचं तरी काय, असं त्यांनी स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला काय वाट्टेल ते समजावतो. आणि तात्या तर मालक होते, त्यांना समजावणारं दुसरं कुणी नव्हतंच.

"तात्या, तुमची पाळी," धाकटी म्हणाली. "दोन वेळा हाक मारली."

"माझं ओळखून झालंय," ते म्हणाले. "स्वयंपाकीण."

*

"जागा? हत्यार?" वहिनी कडाडल्या. त्यांच्या तक्त्यात अजून तीन माणसं शिल्लक होती.

"ते नाही ठाऊक. पण माणूस स्वयंपाकीण."

धाकटीने पाकीट उघडलं. स्वयंपाकीण, गच्ची, पितळी दिवा. धाकट्याने शीळ घातली. आत्या म्हणाल्या, "मला त्या बाईचं दूध पहिल्यापासून आवडलं नव्हतं."

"तात्या, पण कसं? तुमच्या अजून दोनच पाळ्या झाल्या होत्या."

तात्यांनी दोन पत्ते शेजारी शेजारी धरून वाकवून दाखवले. मग धाकटीच्या हातात दिले. तिने वाकवले. तिला फरक कळला आणि तिचा चेहरा उतरला. आपणच केलेल्या खेळात खुनी पत्त्याला हात लावून ओळखू येतो म्हणजे खेळ तोंडावर आपटला, एवढंच तिच्या ध्यानात आलं. तिने उद्याच्या दहाचा विचार केला आणि खाली बसली.

"दुसऱ्या कुणाला नसतं कळलं," धाकटा म्हणाला. "ह्यांचं काय, हे बिस्किटाचा पुडासुद्धा चाचपून बघतात."

"कुणी कापले हे?" तात्यांनी विचारलं. आवाज शांत होता.

"सांगितलं ना तात्या, बाहेरून."

"बाहेरचा माणूस दोन पत्त्यांसाठी बाजूची पट्टी फुकट जाऊ नये म्हणून डोकं चालवणार नाही. हा हात आपल्या घरातला आहे."

थोरला सेहेचाळीस वर्षांचा माणूस, हाताखाली नऊ जण, आणि त्याने हात टेबलाखाली घेतले. बुधवारी ऑफिसच्या आधी तो एकटाच शटर उघडून आत गेला होता. सोमवारी धाकटी किल्ली मागायला आली तेव्हा, तू मशीनला हात लावू नकोस, बोटं जातील, मीच देतो कापून, असं तो म्हणून बसला होता. कारण एवढंच, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं. पण मशीनवर उभा राहिल्यावर पुढचा पाऊण तास त्याला ऑफिसची आठवण झाली नव्हती. शेवटी ताव कमी पडला. दोन पत्ते आडवे काढावे लागले. कुणाला कळणार आहे, असं तेव्हा वाटलं होतं.

धाकटी त्याच्याकडे बघत नव्हती. ती शब्द पाळत होती आणि त्यापायी तोंडघशी पडत होती. ते त्याला बघवेना.

"मी कापले," तो म्हणाला.

"तुम्ही?" वहिनींनी पेन्सिल खाली ठेवली. "कधी?"

"बुधवारी. ताव पुरत नव्हता, तात्या. दोन आडवे गेले. मला माहीत होतं."

आणि मग वहिनी, ज्यांनी सासऱ्यांसमोर आजवर कधी आवाज चढवला नव्हता, त्या तात्यांकडे वळल्या. त्यांचा आवाज चढला नाहीच, पण कापत होता.

"आता काढा त्यांची लाज सगळ्यांसमोर. मागे सहा माणसं होती, आज चार आहोत. चालेल ना? म्हणा, हाताला कळत नाही. मी तेव्हा नव्हते, पण ते वाक्य मला पाठ आहे. झोपेत बोलतात हे."

"अगं, राहू दे," थोरला पुटपुटला.

"का राहू दे? मशीन विकायचं म्हणून मी हट्ट धरला तो का धरला? तुम्हाला ते दिसू नये म्हणून. आणि तुम्ही गुपचूप जाऊन त्याच्यावर पत्ते कापता! म्हणजे मीच मूर्ख."

आत्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तात्यांनी धाकटीच्या हातातले ते दोन पत्ते परत घेतले.

"ताव पुरला नसता," ते म्हणाले, "तर मीही दोन आडवेच काढले असते. कुणीही चांगल्या कारागिराने तेच केलं असतं."

थोरल्याने मान वर केली.

"आणि ती औषधाची खोकी," तात्या म्हणाले. पाणी प्यायले. "ती तू चुकवली नाहीस. बाण मी उलटा काढला होता. तू बाणाप्रमाणेच कापलं होतंस. दुसऱ्या दिवशी गठ्ठा बघितला तेव्हा मला कळलं."

"दुसऱ्या दिवशी," थोरला म्हणाला.

"हो."

"मी गठ्ठा फिरवून ठेवला असणार असं तुम्ही म्हणालात. मी इतका विचार केला त्याचा, तात्या, की नंतर मला तो फिरवल्याचं आठवायलासुद्धा लागलं. कसा उचलला, कसा वळवला, सगळं. जे केलंच नव्हतं ते."

तात्यांनी पाण्याचा पेला बाजूला सरकवला.

"त्यानंतर पंधरा दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मला वाटलं, राग आहे."

"राग नव्हता," तात्या म्हणाले. "लाज वाटत होती."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. धाकटीला वाटलं आपण उठून चहा ठेवावा, पण तिला उठवेना. धाकटा भावाकडे बघत होता. आई गेल्यावर हे घर या दादाने सांभाळलं आणि आपण नुसते विनोद करत राहिलो, असं काहीतरी त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःचाच राग आला.

"मला माफ कर," तात्या म्हणाले.

रडावं की टेबल उलटं करावं हे थोरल्याला ठरवता येत नव्हतं, आणि दोन्ही त्याच्या स्वभावात नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "मला एकट्याला सांगून काय उपयोग? सहा जणांसमोर बोलला होतात. त्यांना सांगा."

"दोघं तर राहिले नाहीत."

"चार आहेत ना? फोरमनकाका आहेत. करा फोन."

"आत्ता?"

"आत्ता नाही तर कधी?" हे आत्या म्हणाल्या. "एकवीस वर्षं काढलीस तेवढी पुरेत. नंबर मी लावून देते."

*

आत्यांनी तात्यांचा फोन टेबलाच्या मधे, पटावरच्या गच्चीवर ठेवला आणि स्पीकर चालू केला. पलीकडे टीव्ही लागला होता.

"बोला मालक. गुडघा बरा आहे," फोरमन न विचारताच म्हणाले.

"फोरमन, ती औषधाच्या खोक्यांची ऑर्डर आठवते का? चिरली होती ती."

"आठवते की."

"त्या गठ्ठ्यावरचा बाण मी चुकीचा काढला होता. थोरल्याची काही चूक नव्हती. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं आणि मी गप्प बसलो. हे तुला सांगायचं होतं."

पलीकडचा टीव्ही बंद झाला.

"माहीत आहे, मालक."

"काय माहीत आहे?"

"उरलेला गठ्ठा मीच रॅकवर ठेवला होता ना त्या संध्याकाळी. बाण उलटा आहे हे दिसत होतं. आम्ही सगळ्यांनीच बघितला. खळ लावणाऱ्या दोघीजणींनीसुद्धा."

तात्यांचा हात टेबलावरच थांबला. "मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोलाल असं वाटलं होतं," फोरमन म्हणाले. "आम्ही वाट बघितली."

वहिनींनी तोंडावर हात ठेवला. तात्या एकदम म्हातारे दिसायला लागले. त्यांना वाटत होतं की हे पाप त्यांनी एकट्याने पोटात ठेवलंय. ते ज्या माणसांत रोज मान ताठ करून फिरत होते, त्या सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि तरी रोज सकाळी कुणी त्यांना नमस्कार करायचं चुकवलं नव्हतं.

थोरल्याने फोन स्वतःकडे ओढला.

"फोरमनकाका, मी बोलतोय."

"दादा, तू पण आहेस होय?" आवाज खाली आला. "तुला सांगायला हवं होतं रे. चुकलंच माझं. तू नोकरी धरलीस, चांगलं चाललं होतं तुझं. म्हटलं, बाप-लेकात आपण कशाला पडा."

थोरल्याला रागवायचं होतं. पण या माणसाने त्याला चौदाव्या वर्षी पहिल्यांदा पुठ्ठा वाकवायला शिकवला होता, आणि त्याचं रागवणं राहून गेलं. मग त्याने धाकटीकडे बघितलं. ती खुर्चीच्या टोकावर बसली होती.

"काका, उद्या सकाळी साडेनऊला कारखान्यावर यायला जमेल का? रिक्षा पाठवतो."

"मशीन ताब्यात द्यायला ना? येतो. निरोप तरी घेतो त्याचा."

"नाही. दहाला भंगारवाला येणार आहे. तो यायच्या आत मशीन चालू दिसलं पाहिजे."

पलीकडे फोरमन बायकोला हाका मारायला लागले, आपली कामाची चप्पल कुठे ठेवलीस म्हणून, आणि फोन बंद करायचं विसरूनच गेले. धाकट्याने तो बंद केला.

धाकटी रडत होती. तिला थांबवता येईना आणि तिने प्रयत्नही केला नाही. "दादा," एवढंच तिला म्हणता आलं.

"शनिवार-रविवार," थोरला तिला म्हणाला. "नोकरी सोडणार नाही मी, आधीच सांगतो. आणि तीनशे डब्यांत एकही पत्ता आडवा जाता कामा नये. तावाचं माप बदलावं लागेल. वही आण तुझी."

"आणि विषाचं पण बघ," आत्या म्हणाल्या. "अर्धा तास."

वहिनींनी आपला तक्ता फाडला नाही. तो उलटा करून त्यांनी मागच्या कोऱ्या बाजूवर तावाची चौकट आखायला घेतली, आणि नवऱ्याची खुर्ची पायाने आपल्याकडे ओढली. दोघं आणि धाकटी अशी तीन डोकी कागदावर वाकली. धाकटा चहा ठेवायला गेला, कारण आज काहीतरी आपणही करावं असं त्याला वाटत होतं.

तात्या टेबलाच्या पलीकडे एकटेच बसले होते. कागदावर काय चाललंय ते त्यांना तिथून दिसत नव्हतं. दोनदा त्यांनी काही सुचवायला तोंड उघडलं आणि दोन्हीदा मिटलं. थोरला त्यांच्याकडे बघत नव्हता. मुद्दाम नव्हता, पण बघत नव्हता.

"उद्या," तात्या शेवटी म्हणाले, "उद्या मी येऊ का रे?"

आत्यांनी भावाकडे चमकून बघितलं. स्वतः उभारलेल्या कारखान्यात यायला हा माणूस विचारत होता.

थोरल्याने रेघ पूर्ण केली. पट्टी उचलली. त्याला हो म्हणायचं आहे की नाही हे त्याचं त्यालाच अजून कळलं नव्हतं, आणि तेवढा वेळ त्याने घेतला. तात्यांनी तो घेऊ दिला.

"या," तो वर पंख्याकडे बघत म्हणाला. "पण नऊलाच या. शटर मला एकट्याला उचलवत नाही."